हात वर करा

दादाचा उजवा हात तुटला तेव्हा मी बांधावर उभी राहून बोंबलत होते. आदल्या दिवशी बोंबलले असते तर! तेव्हा मात्र गप्प बसले, आणि त्याची चीड अजून जात नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बेलापूरकडे इमारती उठत होत्या, खाडीत भराव पडत होता, मासळी आटत होती. उरलेल्या पाण्यात पलीकडच्या गावाने आमच्या हद्दीत जाळ्यांचे खुंट ठोकले. आमची दोन पोरं जाब विचारायला गेली, तर वल्ह्यांनी त्यांची डोकी फोडली. गाव पेटलं.

बाबा गावकीचे पुढारी. भरती-ओहोटी तोंडपाठ, वादळातून सात होड्या सुखरूप आणलेला माणूस. देवळासमोर गावकी बसली तसे बाबा उठले.

"उद्या सकाली पुऱ्या ओहोटीला खुंट उपटायचं. आपल्या बाजूला पानी रहातं, त्यांच्या होड्या चिखलात रुततात. कोन येनार नाय." मग म्हणाले, "कुनाला काय बोलायचं हाय? नसंल तर हात वर करा."

सगळ्यात आधी दादाचा हात वर गेला.

मी मागे बायकांत बसले होते. चिखलात शिंपल्यांतली कालवं काढायला आम्ही बायकाच जायचो. त्या चिखलाखाली खडकाची एक कडक पट्टी आहे. तिच्यावर पाय ठेवत पलीकडून थेट खुंटांपर्यंत चालत येता येतं. पलीकडच्या बायका रोज यायच्या. बाबांना पाण्यातलं सगळं ठाऊक, चिखलातलं काही नाही. पुरुष कशाला उतरतील चिखलात? मी आयच्या कानात सांगितलं, तर तिने माझ्या मांडीला चिमटा काढला. "गप गो! ठरला ना आता."

बाबा मूर्ख असते तर कुणीतरी उठलं असतं. मीच उठले असते. ते कधी चुकले नव्हते, म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापली अक्कल घरी ठेवली होती.

सकाळी ते आले. रांगेने, धावत, हातात कोयते, आणि वाट दाखवायला पुढे त्यांच्या बायका! आमची माणसं मांडीभर पाण्यात खुंटांशी झटत होती. कोयत्याच्या मुठीने एकाचा जबडा फोडला. दुसऱ्याचं तोंड चिखलात दाबून धरलं, त्याचे पाय झाडायचे थांबले तरी सोडेनात. तो वाचला कसा, देव जाणे. आमच्यांनीही वल्हं घालून एकाचा डोळा बाहेर काढला. दादाने खुंट सोडला नाही. त्याच हातावर कोयता पडला, मनगटावर. पाणी लाल झालं आणि बोटं खुंटाला तशीच धरून राहिली.

इस्पितळाच्या व्हरांड्यात मी बाबांना पट्टीचं सांगितलं.

"तुला ठाव होता?" बाबा म्हणाले. "मंग बोललीस का नाय?"

मी भडकले. "कवा बोलू? तुमी इचारलंत तवा ठरवून झालेलं! नुसतं हात मोजायचं बाकी होतं!"

बाबांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग पुन्हा मारली. मी दोन्ही हात धरले तेव्हा कुठे थांबले.

महिन्याभराने पुन्हा गावकी बसली. पोरं कोयते घेऊनच आली होती, त्यांना बदला हवा होता. बाबांनाही हवा होता. घरी कोयत्यांना धार लावताना मी त्यांना पाहिलं होतं. पण ते उभे राहिले नाहीत.

"आधी बायका बोलतील," ते म्हणाले. "मंग बाकीचं. मी शेवटाला. आनि आज ज्याला नको हाय त्यानं हात वर करायचा."

मी उठले आणि बदला का नको, ते मनातलं सगळं बोलले. माझ्यानंतर दोघी बोलल्या. पोरं दात-ओठ खात होती. बाबांनी विचारलं, "कुनाला नको हाय?"

माझा हात वर गेला. दोघींचे गेले. पुरुषांत कुणी हलेना. मग दादाने हात वर केला, सवयीने उजवाच. मनगटापुढे नुसतं फडकं गुंडाळलेलं होतं.

बाबा त्या फडक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कोयतं हितंच ठेवा. घरी जा सगले."