चव्वेचाळीस ठोक्यांची प्रतिष्ठा

रायपूर राजधानी झाले, तेव्हा आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, प्रत्येकाने स्वतःला बढती देऊन घेतली. किराणा दुकानाचे सुपर बाजार झाले, नाक्यावरच्या दवाखान्याचे नर्सिंग होम झाले आणि रेल्वेतून निवृत्त झालेले माझे बाबा ‘शांत हृदयाचे पुरुष’ झाले. ही पदवी त्यांना बागेतल्या बाकावर बहाल झाली.

सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांपैकी एका काकांना मुलाने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणून दिले होते. पट्टा दंडाला गुंडाळला की दाबाच्या खाली नाडीचाही आकडा उमटे. दाबाची प्रत्येकालाच लाज वाटत असल्यामुळे स्पर्धा नाडीची लागली. बाकावरची सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी रुमालाने पुसून मंडळी ओळीने दंड पुढे करीत. इतरांचे आकडे सत्तर-ऐंशीच्या घरात, बाबांचा चव्वेचाळीस.

“वा भाऊ, आज भी फर्स्ट!” यंत्राचे मालक म्हणत. “आमचं दिल म्हणजे भनपुरीचा ट्रॅफिक. तुमचं म्हणजे सर्किट हाऊस!”

मी तेव्हा शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. करून संशोधनाच्या प्रवेशासाठी खटपट करीत होते. जागेपणी, स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे हृदय मिनिटाला साधारण साठ ते शंभर ठोके देते. रोज मैलोन्‌मैल धावणाऱ्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात; झोपेत तर बहुतेकांचाच वेग उतरतो. बाबा मात्र जागे होते, आणि त्यांची धाव बागेच्या फाटकापासून बाकापर्यंत होती.

अर्थात नुसत्या आकड्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो. माणसाला काय होते, ते पाहायचे असते. बाबांना दोन जिने चढताना थकवा येत होता आणि पूजेवरून उठताना त्यांचा हात आपोआप दाराच्या चौकटीकडे जात होता.

“चक्कर येते ना?” मी विचारले.

“चक्कर नाही, ध्यान लागते.”

“अहो, काल ध्यानात तुमच्या हातून तांब्या पडला,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “एक दिवस तुम्हीच पडाल.”

“तू काहून भिऊन राहिली? एवढी शांत नाडी साधूंची असते.”

“साधूंची मला माहीत नाही,” मी म्हणाले. “पण वेग एवढा कमी आणि वर चक्कर, तर थायरॉइड पाहतात, हृदयातला विजेचा मार्ग तपासतात, आणि सगळ्यांत आधी चालू असलेली औषधे पाहतात. तुमच्या गोळ्या दाखवा.”

“पोट्टी लई शिकली, आता बापाचीच तपासणी करून राहिली!” असे म्हणत त्यांनी बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दोन जातींच्या पट्ट्या होत्या. एक साधी, रेल्वेच्या दवाखान्यातून मिळालेली. दुसरी चकचकीत, नव्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. राजधानीत राहायचे तर डॉक्टरही राजधानीचा हवा, म्हणून बाबा तिकडे गेले होते. जुन्या डॉक्टरांना दुखवायचे नव्हते, म्हणून इकडेही जात होते. मी पट्ट्या उलटल्या. पुढची नावे वेगळी असली तरी मागे बारीक अक्षरांत औषध एकच होते: हृदयाचा वेग उतरवणारे.

“दोन्ही घेता?”

“सकाळी रेल्वेची, रात्री राजधानीची.”

“नव्या डॉक्टरांना रेल्वेच्या गोळीबद्दल सांगितले होते?”

बाबांना माझ्या संस्कारांची चिंता वाटली असावी. “एका डॉक्टरसमोर दुसऱ्याचं नाव काढायचं? अपमान नाही का होत त्याचा?”

दोन्ही डॉक्टरांचा मान अबाधित होता. त्याचा भार तेवढा एका हृदयावर पडला होता. अशी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते, म्हणून मी डबाच उचलला आणि त्यांना त्याच दिवशी रेल्वेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी ईसीजी काढला, थायरॉइड तपासायला सांगितले आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. “सरकार बदललं की जुन्या खात्याचा चार्ज सोडावा लागतो, भाऊ,” ते म्हणाले. ईसीजीत मंद वेगाखेरीज काही दिसले नाही, थायरॉइडही निर्दोष निघाले. डॉक्टरांनी एक गोळी ठेवली आणि तीही हळूहळू कमी केली.

नाडी सहासष्टवर आली. बागेत शोककळा पसरली.

“क्या हुआ भाऊ, कुछ टेन्शन?” यंत्राच्या मालकांनी विचारले. बाबा रुसून घरी आले. संध्याकाळी पूजेवरून उठले ते थेट बाहेर आले. हात चौकटीकडे गेला नाही. आईने ते पाहिले आणि तांब्या पुन्हा त्यांच्या हाती दिला.

पुढच्या आठवड्यात बाकावर नवा विजेता निघाला, पन्नास ठोक्यांचा. मंडळी टाळ्या वाजवू लागली तेव्हा बाबांनी हात वर करून सर्वांना थांबवले आणि खिशातून चष्मा काढला.

“उठताना चक्कर येते का, भाऊ?” त्यांनी गंभीरपणे विचारले. “डॉक्टर किती आहेत तुमचे? उद्या सगळ्या पट्ट्या घेऊन या. मागची बाजू मले वाचायची आहे.”