हजेरीकाका, चला

नरवरचा किल्ला पाहून परतताना मी आमच्या हजेरीकाकांना किल्ल्यावरच विसरून आलो.

दोन गाड्या होत्या. मेहुण्याच्या गाडीचा एसी बरा, म्हणून माझी बायको नीता आणि लेक जुई त्याच्याबरोबर पुढे निघाल्या. माझ्या गाडीत काका. निदान माझी तशी समजूत होती. मागच्या सीटवर त्यांची तपकिरी शाल, शालीखाली दशम्यांचा डबा आणि पाण्याचा कॅन, असा जो उंचवटा तयार झाला होता, त्याच्याशी मी भितरवारपर्यंत गप्पा मारत आलो. ग्वाल्हेरच्या ट्रॅफिकबद्दलची माझी मतं उंचवट्याला पटलेलीही दिसली. तिथे दोन्ही गाड्या चहाला थांबल्या, मी शाल उचलली, तेव्हा खुलासा झाला.

"अहो, माणूस आहे की छत्री, विसरून यायला?" नीता म्हणाली.

जुईनं कपाळावर हात मारला. "बाबा, सीरियसली? काकाआजोबांना छोड़ आए आप?"

आणि विसरलो कोणाला, तर ज्यांनी आम्हा कुणालाही कधीही, कुठेही मागे राहू दिलं नाही त्यांना.

आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मंडळींना रविवारी घर चावतं. तिघऱ्याचं धरण झालं, पडावली झालं, सोनागीर झालं, पाहुणे आले की ओरछा. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, तिथल्याच जयेंद्रगंजात एकटे राहायचे. शाळेत ड्रिलमास्तर होते. सहलीचा नुसता विषय निघाला तरी पहाटे बूट घालून तयार. मी गाडी घेऊन पोचलो की खिडकीतून आवाज यायचा, "विन्या, अजून झोपूनच राहिला होतास का? धूप चढून राहिली आहे!" तेव्हा धड उजाडलेलंही नसायचं.

पण त्यांची खरी गंमत परततानाची. सगळे गाडीत कोंबले गेले की काका बाहेर उभे राहायचे, गाडीकडे पाठ करून. जी जागा सोडून निघायचं तिच्याकडे तोंड. मग खणखणीत आवाजात एकेकाचं नाव. "विनायक, चल!" आपण म्हणायचं, "आलो." "हो" चालत नसे. "येतो" तर मुळीच नाही. जुई मोबाइलमध्ये डोकं घालून "आ रही हूँ ना" म्हणाली की पुन्हा पहिल्यापासून. "आले म्हण. नीट म्हण. त्या धरणाला ऐकू गेलं पाहिजे." शेवटी स्वतःचं नाव घ्यायचे आणि स्वतःच "आलो" म्हणून गाडीत बसायचे. तिघऱ्याला एकदा एका शेंगदाणेवाल्यानं गमतीनं "आलो" म्हटलं, तर काकांनी त्यालाही गाडीत बसायचा आग्रह केला. "ओ दिलीस ना? मग बस."

सगळे म्हणायचे, मास्तरकी गेली तरी हजेरी सुटली नाही. म्हणून हजेरीकाका. मीही तेच समजत होतो. एकदा मी म्हटलं, "काका, सगळे गाडीत बसलेले दिसताहेत ना? मग हाका कशाला?"

"बसलेलं शरीर असतं रे," ते म्हणाले. "माणूस आला की नाही, ते त्यालाच विचारावं लागतं."

मला हे वाक्य फार विनोदी वाटलं. इतकं, की पुढच्या खेपेला पडावलीच्या देवळामागे मी लपून बसलो. वय वर्षं पंचेचाळीस, पोट सुटलेलं, आणि एका खांबाआड ते लपवायची धडपड. "विनायक, चल!" मी गप्प. पुन्हा हाक. मी तोंडावर रुमाल दाबून हसतोय. चौथ्या की पाचव्या हाकेला आवाज असा काही फाटला की माझं हसू जागीच थिजलं. बाहेर आलो तर काका जमिनीवर बसलेले. मला वाटलं, आता ड्रिलमास्तर कान पिळणार.

"असं नको करूस, विन्या," एवढंच म्हणाले. "हाक मारली की ओ दे."

परतीच्या वाटेवर मी गाणी लावली, तीही कुणी बंद करा म्हणालं नाही.

तर, भितरवारहून गाडी वळवून मी नरवरला पोचलो. त्या दिवशी निघताना हजेरी झालीच नव्हती, हे वाटेत ध्यानात आलं. ऊन उतरायला लागलं होतं. पायथ्याच्या चहावाल्यानं मला बघितलं आणि मान हलवली. "बाबूजी ऊपर ही हैं. किसी को आवाज़ दे रहे हैं बड़ी देर से."

मला वाटलं, मलाच हाका मारत असणार. धापा टाकत, क्षमेची दोनतीन वाक्यं जुळवत वर गेलो. पडक्या महालाच्या चौकात, सीताफळाच्या रानात काका उभे होते. माझ्याकडे पाठ. समोर कमान, कमानीपलीकडे खाली दूरवर सिंध नदी.

"सुधा, चल!" ते म्हणाले. आणि कान देऊन थांबले.

सुधा म्हणजे माझी काकू. तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

माझी चाहूल लागली तरी ते दचकले नाहीत. "बरं झालं विसरलास," म्हणाले. "तुम्ही लोक असलात की मला घाई होते."

मग पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. काकूला घेऊन ते शेवटचे फिरायला आले ते इथेच. तिला या कमानीतून नदी बघत आणखी थोडं बसायचं होतं. यांना उजेडात वाटेतलं डबरा गाव गाठायचं होतं. हे रागानं खाली उतरले आणि गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले. ती आली, मुकाट्यानं बसली, घरी जाऊन खिचडीही टाकली.

"पण ती आली नव्हती रे, विन्या. भाजी चिरता चिरता थांबायची. एका हाकेला ओ द्यायची नाही. खिडकीशी बसायची, जसं काही समोर नदी आहे. दिवाळीच्या आत गेली." मग म्हणाले, "आई सांगायची, ओसाड जागेवरून निघताना नाव घेऊन बोलवावं, नाहीतर माणसाचं काहीतरी तिथेच राहतं. डॉक्टरांनी तिच्या दुखण्याला नाव दिलं. मी तिचं नाव घेतलं नव्हतं, मला एवढंच कळतं. हॉर्न वाजवला."

मी विचारलं, "पाणी देऊ का?" आणि बाटली गाडीत राहिलीय हे आठवलं.

"तू बोलाव," काका एकदम म्हणाले. "माझ्यावर रागावलेली असेल. तुझे लाड करायची."

आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, म्हणजे माझ्यासारखा इसम जशी करेल तशी दोनदा करून, मी हाक मारली. "काकू, चला!" कमानीतून वारा आला. खाली मोर ओरडला. बाकी काही नाही.

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. "ऐकलंस?"

"हो," मी म्हणालो.

"काय म्हणाली?"

"आले म्हणाली."

ते उठले. वाद नाही, शंका नाही. खाली येऊन त्यांनी मागचं दार उघडून धरलं, सीटवरचा डबा आणि कॅन उचलून डिकीत टाकला, शाल नीट अंथरली, दार हलकेच लावलं आणि स्वतः पुढे माझ्याशेजारी बसले. "हळू चालव. हिला गचके सोसत नाहीत." मी आयुष्यात इतकी सांभाळून गाडी चालवलेली नाही. आरसा मात्र वर वळवून ठेवला. मागच्या सीटवर कुणी नाही हे मला पक्कं माहीत होतं, पण बघून खात्री करून घ्यायची हिंमत नव्हती.

जयेंद्रगंजात दाराशी त्यांनी शेजारणीकडून भाकरतुकडा मागून घेतला. एकदा आपल्यावरून ओवाळून टाकला आणि एकदा शेजारच्या रिकाम्या जागेवरून. त्यानंतर ते सहलीला आलेच नाहीत. "आता घरी माणूस आहे," म्हणायचे. त्याच वर्षी थंडीत, झोपेत गेले. चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी चहा झालाय म्हणून हाक मारलीय.

ते सुखानं गेले, पण माझी पंचाईत करून गेले. मी ऐकलं नव्हतं काहीच. म्हणजे काकू अजून तिथेच कमानीत बसलेली असेल तर? आणि घरात ती नाही हे कळल्यावर काकाही तिला शोधत तिकडे गेले असतील तर? दिवसा ऑफिसात हे विचार हास्यास्पद वाटतात. पण रविवार आला आणि हातात गाडीची किल्ली घेतली, की तितकेसे वाटत नाहीत.

शेवटी या हिवाळ्यात नीताला घेऊन नरवरला गेलो. जुई आता नोकरीला बाहेरगावी असते, त्यामुळे आम्ही दोघंच. चढउतारानं नीताचे गुडघे बोलू लागतात, मग परतताना ती मागच्या सीटवर आडवी होते. खाली आल्यावर मी गाडीकडे पाठ करून, किल्ल्याकडे तोंड करून उभा राहिलो. लाज वाटत होती, तरी खणखणीत आवाज काढला. "काकू, चला! हजेरीकाका, चला!" थांबलो. काही नाही. मग रीतीप्रमाणे, "नीता, चल!"

"आले," मागून बाईचा आवाज आला. हलका, पण अगदी स्पष्ट. मागचं दार लागल्याचाही आवाज आला.

मी स्वतःचं नाव घेतलं, स्वतःच "आलो" म्हटलं आणि निघालो. किती तरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. गाडी हळू हाकली, गचके चुकवले, जुन्या आठवणी मोठ्यानं सांगत राहिलो. भितरवार दिसू लागलं तेव्हा फोन वाजला. नीताचा.

मी आरशात बघितलं. मागे शाल होती, नीट अंथरलेली. ती मी आणलेली नव्हती असं मला वाटतं. पण माझ्या आठवणीवर कुणी विसंबू नये.

"अगं, तू 'आले' म्हणालीस ना?" मी विचारलं.

"मी इथे किल्ल्याच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर उभी आहे, हातात दोन कप घेऊन," पलीकडून नीता म्हणाली. "मेलेल्यांना हाका मारता आणि जिवंत बायकोला सोडून जाता! मागे जे कोणी बसलं असेल त्याला म्हणावं जरा सरकून बस, आणि गाडी वळवा, बावळट कुठले!"