शेजारणीची चाकांची बॅग

तिळाच्या तेलात लसूण कडकडला की मला शेजारणीची चाकांची बॅग आठवते. नव्वदच्या दशकात सुरतेतल्या आमच्या गल्लीत तशी बॅग दुसऱ्या कुणाकडे नव्हती. ती यात्रेच्या बसनं कन्याकुमारीला निघालेली, आणि मी जळकुकडीनं तिची भरलेली बॅग उगाच उचलून पाहिली, तर कमरेत उसण भरली. शेजारीण पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली; अशा माणसानं पाय लावला की उसण उतरते म्हणतात. मग काय, तेच लसणाचं तेल चोळून तिच्याच पुढ्यात पालथी पडले. कमरेवर पाय टेकवत ती विचारत होती, "तिकडं काय काय न्यावं गं?" नाशिकच्या पुढं न गेलेली मी शहाणी सांगत होते, "थेपले ने, तिकडं नुसता भात. बसमध्ये पाय सुजतात. आणि समुद्राजवळ जाऊच नको, लाट ओढून नेते." ती म्हणाली, "एवढं सगळं माहितीये तर तूच चल की. बसमध्ये एक जागा रिकामी आहे." मी ताडकन उठून बसले. ती आधी माझ्याकडं, मग स्वतःच्या पायाकडं बघत राहिली. आता कंबर धरली की मी तिला फोन करते, आणि ती विचारते, "पाय लावू, की तिकीट काढू?"