हलू नका!

फोटोवाल्या काकांचा जन्म पासपोर्ट फोटो काढण्यात गेला. "मान सरळ, हलू नका!" हा त्यांचा मंत्र. भलेभले गपगार बसत, पण त्याला भीक घातली नाही ती एकट्या त्यांच्या लेकीनं. स्टुलावर बसली की नुसती चुळबुळ. लहानपणापासून तिचा एक फोटो धड आला असेल तर शपथ!

आता ती शर्यतीत गाडी चालवायची. काका पहिल्यांदाच ट्रॅकवर गेले, कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवला आणि सवयीनं श्वास रोखून थांबले. गाडी आली म्हणेपर्यंत गेलीसुद्धा. छाती धडधडली, पायाखालची जमीन थरथरली, अन् फोटोत रिकामा रस्ता! दर फेरीला तेच. काकांनी वासलेला आ काही मिटेना.

शेवटी चिडून त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि तिच्या गाडीबरोबर स्वतःच गर्रकन वळले.

मग फोटो पाहिला. झाडं, माणसं, कठडा, सगळ्याच्या नुसत्या रेघोट्या झालेल्या. आणि मधोमध, हेल्मेटच्या काचेआड, लेकीचे डोळे. लख्ख. पापणीसुद्धा न हललेली.

काका फोटोतल्या लेकीकडे बघून हसले.

"बसलीस गं बाई एकदाची नीट!"