अरासेलीचं अंगण आणि फुएन्सान्ताचा वसंत

स्पेनमधल्या आमच्या कोर्दोबाला कधी यावं, असं कुणी विचारलं की आमच्या गल्लीत भांडणच लागतं. मी गोगलगाई विकते. फेब्रुवारी ते जून कोपऱ्यावर माझी टपरी असते, पुदिना आणि तिखट घातलेल्या रश्श्यात शिजवून मी त्या गरमगरम कपातून देते. मग मी काय सांगणार? टपरी चालू असताना या. आमचा न्हावी बाउदिलिओ म्हणतो, मार्चअखेर यावं, रस्त्यातली संत्र्याची झाडं फुलतात आणि गावभर घमघमाट सुटतो. ऑगस्टमध्ये या, असं मात्र कुणी चुकूनही म्हणत नाही. ऑगस्टमध्ये आम्हालाच पळून जावंसं वाटतं.

पण शहाऐंशी साली हाच प्रश्न अरासेलीने विचारला, आणि तेव्हा तो थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

अरासेली माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. हॉटेलच्या चादरी इस्त्री करून पोट भरलं तिने. लग्न केलं नाही. करणार कधी, बाईला कुंड्यांमधून सवड कुठे होती? हे मी तिच्या तोंडावर सांगते, मागे नाही. पोरवयात आईच्या नऊ कुंड्या तिने हातात घेतल्या, त्यांच्या तीनशेवर झाल्या. अंगणाच्या चारी भिंती पार छपरापर्यंत भरलेल्या. वरच्या कुंड्यांसाठी लांब काठी, काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा. डबा उंच न्यायचा, तिरका करायचा, पुन्हा खाली आणायचा. रोज दोन तास. मे महिन्यात आमच्याकडे अंगणांची स्पर्धा असते, तेव्हा तर ती कुणाचीच नसते. पंधरवडाभर दारं सताड उघडी, माणसांची रीघ, परीक्षक वह्या घेऊन हिंडतायत. एकदा माझ्या ढोपराचा धक्का लागून तिची एक कुंडी कलंडली. फुटलीसुद्धा नाही मेली, नुसती कलंडली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

तिची धाकटी बहीण फुएन्सान्ता बावन्न साली लग्न होऊन बोटीने अर्जेंटिनाला गेली, ती गेलीच. चौतीस वर्षं नुसती पत्रं. आणि त्या जानेवारीत पत्र आलं की थोरल्या मुलाने आईच्या तिकिटाची सोय केली आहे, पण हे एकदाच जमणार, पुन्हा नाही. कधी येऊ ते तूच सांग.

अरासेली पत्र घेऊन धावत माझ्याकडे आली. इस्त्री तशीच चादरीवर ठेवून आली होती. हॉटेलची चादर जळली, त्याचं तिला काही नाही.

"एलादिया, एकदाच म्हणते गं ती. मी चुकीचा महिना सांगितला तर?"

झालं. सगळी गल्ली कामाला लागली. मी गोगलगाईंची बाजू मांडली, बाउदिलिओने संत्र्यांची. कुणी म्हणालं ऑक्टोबर बरा, हवा गोड असते. अरासेलीने सगळ्यांना उडवून लावलं. आईची झाडं फुललेली बघितल्याशिवाय बहीण परत गेली तर उपयोग काय? तिने लिहिलं, वसंतात ये. मी म्हटलं, बाई गं, महिन्याचं नाव घाल. तर मलाच म्हणते, वसंत म्हणजे मे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं.

मग काय विचारता. भिंतींना दोनदा चुना मारला. पाहुणीच्या गादीचा कापूस उन्हात घातला, पिंजून घेतला. पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, काहींना तीनतीनदा. मार्चमध्ये उत्तर आलं तेव्हा ते ऐकायला टपरीपुढे बाराजण उभे होते. अरासेलीने पत्र माझ्या हातात कोंबलं, म्हणून ते मी वाचलं. "तू म्हणतेस तशी वसंतात येते. तिकीट काढलं. वीस ऑक्टोबरला पोचते."

मग बाउदिलिओने कपाळावर हात मारला. तिकडे सगळं उलटं, म्हणाला, नाताळात उकडतं आणि ऑक्टोबरात वसंत. चौतीस वर्षांत बाईचं कॅलेंडरच पालथं झालं. लोक पोट धरून हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. अरासेली मात्र रडत होती. तिकीट बदलायची सोय नव्हती, तसं पत्रातच लिहिलं होतं. तरी सांगत होते महिना लिही, असं मी तिला चांगलं सुनावलं. तिच्या हातातला रस्सा गार होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. डोळे सुजलेले, पण चेहरा असा की मला धडकीच भरली.

"ऑक्टोबरात फुलवते," म्हणाली.

आमच्याकडचं जिरेनियम उन्हाळ्याच्या शेवटी छाटलं तर पुन्हा फुटतं, हे खरं. पण आधी तो उन्हाळा त्याला काढायला हवा ना. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. तिने ऐकलं नाही. त्या मे महिन्यात तिला स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं, पहिल्यांदाच एवढं मोठं, आणि बाई ते घ्यायलासुद्धा गेली नाही. ऑक्टोबरासाठी फांद्या लावत बसली होती. जुलैत पारा चव्वेचाळीसवर गेला. तिने भिंतींवर ओली पोती टांगली, उन्हाच्या कुंड्या सावलीत, सावलीच्या आणखी आत, दिवसातून तीनदा पाणी. चाळीसएक झाडं गेलीच. बाकीची ऑगस्टअखेर छाटली तेव्हा अंगण असं बोडकं झालं की बघवेना. सप्टेंबरात पानं आली. बारा ऑक्टोबरला सकाळी भिंतीपलीकडून अशी हाक आली की मला वाटलं ही शिडीवरून पडली. पहिलं फूल उमललं होतं. मी अनवाणी धावले.

वीस तारखेला अर्धी गल्ली स्टेशनवर. फुएन्सान्ता उतरली, अंगाने भरलेली, लाल कोट, बोलण्याची ढब तिकडची, अशी की निम्मं आम्हाला समजेना. पण हसली आणि मला ती वीस वर्षांची दिसली. दोघी बहिणी एकमेकींना धरून कितीतरी वेळ उभ्या. गाडी निघूनही गेली.

मग अरासेलीने दार उघडलं. मेसारखं नव्हतं, पण होतं. लाल, गुलाबी, पांढरं, छपरापर्यंत. फुएन्सान्ताने सगळं फिरून बघितलं, आईच्या कुंड्यांवरून हात फिरवला. आणि खुर्ची ओढून भिंतींकडे पाठ करून, बहिणीसमोर तोंड करून बसली.

अरासेलीने लगेच सुरू केलं. मेमध्ये आली असतीस तर, चूक माझीच, मी महिनाच लिहिला नाही.

"तुझा वसंत कधी असतो ते मी विसरेन होय?" फुएन्सान्ता म्हणाली. "मला सगळं कळलं होतं."

"मग गं?"

"मी गेले तो मे महिनाच होता, अरासेली. परीक्षक यायचे होते त्या दिवशी. स्टेशनवर आई आली, ही एलादियासुद्धा आली. तू पाणी घालत होतीस." आवाज चढला नव्हता तिचा. "मे महिन्यात तू माझी कधी होतीस?"

मला ते आठवत होतं. गल्लीत सगळ्यांनाच आठवत होतं, चौतीस वर्षांत कुणी बोललं नव्हतं इतकंच. अरासेलीने काठीकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. "नव्हतेच," म्हणाली. मी उठले आणि घरी गेले. दोघींच्यात माझं काय काम?

चोवीस तारखेला सान राफाएलचा, आमच्या गावाच्या रक्षक देवदूताचा दिवस. त्या दिवशी सगळं गाव डोंगरात जातं, मोठ्या पातेल्यात भात शिजवतं. अरासेली जन्मात कधी गेली नव्हती, पाणी कोण घालणार म्हणून. त्या दिवशी तिने काठी माझ्या हातात दिली आणि गेली. संध्याकाळी परतल्या तेव्हा दोघींच्या अंगाला धुराचा वास आणि हसून हसून घसे बसलेले.

महिन्याने फुएन्सान्ता निघाली. अरासेली तिला पोचवायला स्टेशनवरच काय, थेट माद्रिदच्या विमानतळापर्यंत गेली. दोन दिवस अंगण माझ्याकडे. मला ती काठी कधी नीट पेलली नाही. वरच्या रांगेत डबा अडकला, मी हिसका दिला, आणि तीन कुंड्या खाली आल्या. त्यातली एक आईच्या नऊमधली होती. रात्रभर मला झोप नाही. आता ही मरेपर्यंत माझं तोंड बघणार नाही, असंच धरून चालले.

ती आली. पिशवी खाली ठेवली. मी खापऱ्या तशाच ठेवल्या होत्या, लपवायची हिंमत झाली नव्हती. तिने त्यांच्याकडे बघितलं.

"तुला कुठे लागलं नाही ना गं?" तिने विचारलं.