टाक्यातलं हिरवं डिझेल

डिझेलसाठी वाढवलेलं शेवाळ मी स्वतःच्या हातानं माशांना खाऊ घातलं.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी सूक्ष्म शेवाळापासून तेल कसं काढतात ते शिकवतो. एकदा वाटलं, आपणही काढून पाहू. बायकोनं कपडे धुण्याचं टाकं दिलं, पाणी मस्त पोपटी झालं. पहिलं तेल मेहुण्याच्या धानाच्या शेतातल्या पंपाला, असा शब्दही मी देऊन बसलो.

तेवढ्यात टाक्यात डासांच्या अळ्या दिसल्या. मेहुणा गावतलावात मासेमारी करतो. त्याला म्हटलं, अळ्या खायला थोडे मासे दे.

"कोनते देऊ, भाऊजी?"

"कोणतेही दे रे. मासा तो मासा!"

पुढे पाणी रोज फिकं पडत गेलं आणि मी ढगाळ हवेला दोष देत राहिलो. टाक्याचा तळ दिसला, तेव्हा कळलं की हे मासे अळ्यांना विचारत नाहीत, शेवाळच गाळून खातात. चांगले वीतभर झाले होते.

"पंप जुन्याच डिझेलवर चालवतो मंग," म्हणत मेहुणा हसत हसत मासे साफ करायला बसला.

बायको रस्सा वाढत म्हणाली, "तुमच्या डिझेलात काटे हायेत जी, जपून गिळा."