सालोमीचे चणे

आमचं गिरीज गाव मनाने चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला जीभ रेटणार नाही.

ऑक्टोबरात मारियामाऊलीची मूर्ती आमच्याकडे घरोघर फिरते. रोज एक घर, तिथे रोझरीची प्रार्थना, आणि ती संपली की घरवाल्यांनी वाटलेले उकडलेले चणे. सालोमीच्या घरचे चणे गावाला सगळ्यांत आवडायचे. खोबऱ्याचे काप, मिरची, मीठ बेताचं. पोरं दुसऱ्यांदा हात पुढे करायची.

तिचा नवरा मार्सेल वारला. पुढे आमच्या आळीतल्या क्लाराने तिला सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्यांच्या रांगेत पाहिलं, आणि गावभर झालं. सालोमीला कोणी वाईट बोललं नाही. तिच्याकडे येणं-जाणं तेवढं थांबलं.

"मूर्ती येल ना गो माझ्याकडे?" तिने मला कुंपणापलीकडून विचारलं. त्या वर्षात तिने कुणाला विचारलेली तेवढी एकच गोष्ट.

मूर्ती आली. माणसंही आली, घर भरलं. प्रार्थना झाल्यावर सालोमीने चणे वाटले, प्रत्येकाने ओंजळ पुढे केली. मी तिथेच खाल्ले. यात मोठेपणा नाही, चणे चांगले होते. बाकीचे म्हणाले, घरी जाऊन खातो. सालोमी पातेलं घासताना हसत होती. "सगळे संपले," म्हणाली. मलाही बरं वाटलं.

सकाळी बघते तर ती झाडू घेऊन वाटेवर. कुंपणाच्या कडेने, थेट वळणापर्यंत, चणे पडले होते. हा आजार खाण्यातून होत नाही, हे आमची शाळकरी पोरंही परीक्षेत लिहून मार्क मिळवतात. मला असा संताप आला की मी तशीच क्लाराच्या दाराकडे निघाले. सालोमीने हात धरला.

"नको. कोंबड्यांना होतील."

तिचा चेहरा कोरा होता. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. चणे सुपात घेऊन ती पायरीवर बसली आणि त्यातले खडे निवडत राहिली, कोंबड्यांसाठी.

पुढच्या वर्षी मूर्ती आली तेव्हा तिच्या टेबलावर दुकानातल्या बिस्किटांचे छोटे बंद पुडे होते. सगळ्यांनी ते तिथेच फोडले, तिथेच खाल्ले. पोरांनी दुसऱ्यांदा हात पुढे केले.

"यंदा चणे नाय केले, बाय?" क्लाराने विचारलं.

"नाय," सालोमी म्हणाली, आणि तिच्या हातावर आणखी एक पुडा ठेवला.